होळीची रेघ

हिरासिंग तांड्यावरच्या शाळेत विज्ञानाचं साहित्य म्हणजे एक भिंग, दोन लोहचुंबक आणि पृथ्वीचा एक गोल. गोलावरची दक्षिण अमेरिका उंदरांनी खाल्लेली. त्यामुळे दिपाली मॅडम रुजू झाल्या त्याच आठवड्यात त्यांनी ठरवलं, की पृथ्वी शिकवायचीच तर बाहेरची वापरावी, ती अजून पूर्ण आहे.

मॅडम बाभुळगावकडच्या. घरी कापूस, तूर, सोयाबीन. वडील पुंडलिकराव गावात अजून सांगत, की पोरीला सायन्स झालं, जसं काही टायफॉईड झाला. मॅडम कळंबला खोली करून राहत आणि रोज स्कुटीनं तांड्यावर येत. पहिली ते चौथी मिळून सतरा पोट्टे. त्यांना घेऊन त्या कधी बाटलीत मातीचे थर बसवत, कधी पानांच्या शिरा मोजत. एकदा सगळे मिळून एका शेणकिड्याच्या मागे दोन तास बसले, शेवटी शेणकिडाच लाजून निघून गेला. एकदा म्हशीच्या सावलीचा घेर मोजायला गेले, तर म्हैस उठून चालती झाली, सावली सोबत घेऊन.

तिसरीतल्या राखीचं या कशातच लक्ष नव्हतं. तिचं लक्ष रस्त्याकडे होतं.

दिवाळी झाली की तांडा अर्धा होतो. मुकादमाचा ट्रक येतो, त्यात माणसं चढतात, आणि ट्रक तिकडे सांगलीकडे ऊसतोडीला जातो. यंदा राखीची आई वर्षा आणि बाप सुनील चढले. सोबत दोन कोयते, तवा, गोधड्या, पाण्याचा ड्रम आणि एक कोंबडी, जिला परतीचं तिकीट नव्हतं. खाली राहिली राखी आणि तिची आजी सुखीबाई. सुखीबाई शाळेत खिचडी शिजवायची, म्हणून तिला जाता येत नव्हतं. राखीला जाता येत नव्हतं कारण ती शाळेत खिचडी खायची.

ट्रक हलला तेव्हा वर्षा वरून ओरडली होती, "होळीले येतो! जबान देतो तुले!"

तांड्यावर ही साधी गोष्ट नाही. होळीला न येणारा माणूस म्हणजे एकतर मेलेला, नाहीतर पोलिसात लागलेला. तिसरं कारण आजवर कोणी दिलेलं नाही.

सतरापैकी अकरा पोट्ट्यांचे आईबाप त्या ट्रकमध्ये नाहीतर त्याच्या मागच्या ट्रकमध्ये होते. मॅडम फळ्यावर काही लिहायला वळल्या, की अकरा माना खिडकीकडे वळायच्या. मॅडमनी खिडकी लावून पाहिली. मग माना दाराकडे वळल्या. शेवटी मॅडमनी पटांगणात वेळूची एक काठी रोवली, जमिनीच्या वर बरोबर एक मीटर.

"रोज दुपारी हिची सावली सगळ्यात आखूड होते. तेव्हा ती मोजायची," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी मोबाईलवर काहीतरी हिशोब केला, टेपनं माप घेतलं आणि काठीपासून बावन्न सेंटीमीटरवर चुन्याची एक जाड रेघ ओढली. "सावलीचं टोक फिरत फिरत ज्या दिवशी या रेघेवर येईल, त्या दिवशी होळी."

मॅडम हे सूर्याबद्दल बोलल्या होत्या. पोट्ट्यांनी ते आईबापांबद्दल ऐकलं. सावली रेघेवर आली की होळी, होळी आली की याडी. याडी म्हणजे आई, आणि या गणितात चूक काढायला कुठेच जागा नव्हती. पुढचा घोटाळा त्यामुळेच झाला.

पहिल्या दिवशी सावली भरली त्र्याहत्तर. राखीनं बोटांवर मोजलं. एकवीस सेंटीमीटर. फार नाही, एका पट्टीइतकंही नाही. ती खूश झाली.

आठ दिवसांनी सावली भरली सत्याहत्तर. मग एक्क्याऐंशी. मग शहाऐंशी.

"मॅडम," राखी पोटावर पडून टेप धरत म्हणाली, "हे तं उलटं जाऊन राह्यलं."

"हो गं. बावीस डिसेंबरपर्यंत वाढणारच. सूर्य दक्षिणेकडे जाऊन राह्यला ना."

"दक्षिणेले कायले?"

मॅडमनी दक्षिण दाखवली. शाळेच्या संडासावरून, पिंपळावरून, पलीकडच्या तुरीवरून बोट दूरवर नेलं. राखी त्या बोटाच्या दिशेनं बराच वेळ पाहत राहिली. ट्रक तिकडूनच गेला होता.

"सूर्यबी ऊसतोडीले गेला काय?"

वर्ग हसला. मॅडम हसणार होत्या, पण राखीचं तोंड पाहून थांबल्या. "तसंच समज," त्या म्हणाल्या. "डिसेंबरात माघारी फिरतो."

राखीला हे पटलं. आई आणि सूर्य एकाच दिशेला कामाला गेलेत, म्हणजे निदान ओळखीचं माणूस सोबत आहे. त्या दिवसापासून दुपारी ती सूर्याकडे जरा आपलेपणानं पाहायला लागली. डोळ्यांतून पाणी यायचं, पण ते सूर्याकडे पाहणाऱ्या कोणाच्याही डोळ्यांतून येतं.

बावीस डिसेंबरला सावली शहाण्णव भरली आणि फिरली. राखीनं त्या दिवशी आजीकडून गूळ मागून सगळ्या वर्गाला वाटला. पण दुसऱ्या दिवशीही शहाण्णवच. तिसऱ्या दिवशी शहाण्णवला जेमतेम कमी. आठवड्यानं पंचाण्णव.

"सूर्यानं तिथंच मुक्काम टाकला वाटते," चौथीतला प्रेम म्हणाला. प्रेम वर्गाचा मॉनिटर. त्याचेही आईबाप ऊस तोडत होते, पण तो ते मॉनिटरसारखं सहन करायचा. "मुकादमानं सोडलं नसन."

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मॅडमना निवडणुकीची ड्युटी लागली. दोन आठवडे. शेजारच्या गावचे एक गुरुजी हजेरी घ्यायला येत, हजेरीनंतर खुर्चीतच डोळे मिटून चिंतन करत आणि चिंतनात घोरत. सावलीची वही मॅडमनी प्रेमकडे दिली होती.

पहिल्याच दुपारी राखी एकटी काठीपाशी गेली. सावली त्र्याण्णव होती. पिंपळाखाली एक गोल दगड पडला होता. तो तिनं उचलला, इकडेतिकडे पाहिलं आणि काठीच्या डोक्यावर एक हळूच हाणला. काठी बोटभर आत गेली. सावलीही मागे सरकली, निमूटपणे.

काठी ठोकली की सावली आखूड होते, हे राखीला कळत होतं. ती मूर्ख नव्हती. पण तिचा हिशोब वेगळा होता. सूर्याकडे कॅलेंडर थोडंच आहे? तो वरून सावलीच पाहत असणार आणि त्यावरून, आपण कुठवर आलो, ते ठरवत असणार. सावली रेघेजवळ दिसली तर तो दचकेल, म्हणेल, अरे बाप्पा, होळी आली, आणि लगबगीनं निघेल. सूर्य निघाला की याडीही निघेल. दोघं सोबत होती ना.

तिनं दगड पिंपळामागे लपवला. रोज एक ठोका द्यायचा, जास्त नाही, सूर्याला संशय यायला नको.

तिसऱ्या दिवशी तिला दगड पिंपळाच्या दुसऱ्या बाजूला सापडला. पाचव्या दिवशी पायरीवर. काठी तिच्या ठोक्यांपेक्षा बरीच जास्त आत चालली होती. राखीनं याचा अर्थ असा लावला, की देवही मदत करतोय. प्रेम रोज इमानदारीनं वहीत आकडे लिहीत होता. एक्क्याण्णव, चौऱ्याऐंशी, बहात्तर, एकसष्ट. एकाही पोट्ट्यानं विचारलं नाही, की हे एवढं भराभर कसं काय. एवढा शहाणा वर्ग अख्ख्या तालुक्यात नव्हता.

वीस जानेवारीला सावलीचं टोक चुन्याच्या रेघेवर टेकलं. बावन्न.

दुसऱ्या दिवशी सकाळी राखीनं होळीसाठी ठेवलेला पिवळा फ्रॉक घातला.

"काहून घातला वं तो?" सुखीबाई चुलीपुढून म्हणाली. "जानेवारीत कोनती होळी?"

"याडी येऊन राह्यली आज."

"कोनं सांगतलं?"

"सूर्यानं."

सुखीबाईनं नातीच्या कपाळावर हात ठेवून पाहिला. ताप नव्हता. मग तिनं वेणी घालून दिली, कारण ताप नसलेल्या माणसाला दुसरं काय देणार.

राखी शाळेच्या फाटकापाशी बसली. धूळ उडाली की उभी राहायची. पहिली धूळ दुधवाल्याची निघाली. दुसरी बकऱ्यांची. तिसऱ्या धुळीतून दिपाली मॅडमची स्कुटी आली आणि तिच्या मागच्या सीटवर केंद्रप्रमुख देवराव साहेब, मांडीवर फाईल, फाईलवर टोपी.

देवराव साहेबांनी वहीतला सावलीचा तक्ता पाहिला. आलेख जानेवारीत डोंगरावरून उडी मारल्यासारखा खाली आला होता.

"फेब्रुवारीअखेरचं उद्दिष्ट जानेवारीतच पूर्ण?" साहेब म्हणाले. "वा! इतर शाळांमध्ये सावली अजून नव्वदच्या आसपास अडकली आहे." आणि त्यांनी शेरेबुकात लिहिलं, 'सावली कमी करण्यात शाळेची उल्लेखनीय प्रगती.' मग काठीसोबत फोटो काढला. फोटोत काठी त्यांच्या मांडीपर्यंत येत होती. नोव्हेंबरच्या फोटोत ती मॅडमच्या कमरेच्या वर होती. मॅडमनी दोन्ही फोटो पाहिले आणि साहेबांना चहा पाजून वाटेला लावलं.

संध्याकाळपर्यंत फाटकापुढून आणखी सात धुळी गेल्या. त्यातल्या एकीतही याडी नव्हती.

घरी आल्यावर सुखीबाईच्या मोबाईलवर वर्षाचा फोन आला. मागे ट्रॅक्टर धडधडत होता. राखीनं हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"सावली रेघेवर आली. तू कुठी हायेस?"

"कायची सावली वं माय?"

"बावन्न झाली. म्हंजे होळी झाली. तू आली नाही."

मग वर्षा म्हणाली, "तुमच्या इकडं आज कोनती तारीख हाय?"

"एकवीस."

"महिना?"

राखी पिवळ्या फ्रॉकचं बटण फिरवत राहिली.

"जबान देली ना तुले? होळीले येतो म्हंजे येतो. तुही याडी कधी खोटं बोलली काय?" आवाज जरा चिरकला, पण ट्रॅक्टर असेल. "जेवली काय?"

दुसऱ्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना काठीभोवती गोल बसवलं. ठोकून ठोकून वेळूचं डोकं कुंच्यासारखं फुललं होतं.

"कोणी ठोकली?"

सगळ्यांनी पिंपळावरच्या कावळ्यांकडे पाहिलं. मग मॉनिटर या नात्यानं प्रेम उभा राहिला. "मी एकच देली, मॅडम."

"मीबी एकच," मागून आवाज आला.

"मीबी."

"मी अर्धीच, मॅडम. कोनी येऊन राह्यलं होतं."

अकराच्या अकरा. ज्यांचे आईबाप घरीच होते त्या सहांपैकीही दोघांनी मैत्रीखातर एकेक दिली होती. शेवटी राखी उठली. "मी रोज."

मॅडम त्यांच्यावर ओरडल्या नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं, की काठी बुटकी केली तर सावली बुटकी होते, दिवस होत नाहीत. "मापात खोटं चालत नाही. आपण मोजणारी माणसं. आपणच खोटं लिहिलं तर कोणाला विचारायचं?" मग सगळ्यांनी मिळून मुळा उपटावा तशी काठी उपटली. मॅडमनी सब्बलीनं खोल खड्डा केला, दुसरी लांब काठी दीड फूट आत पुरली आणि वर पुन्हा बरोबर एक मीटर ठेवला. जमिनीला टेकते तिथं काठीवर तांबड्या रंगाचं कडं काढलं. "हे कडं जमिनीला टेकलेलं दिसलं म्हणजे माप खरं."

काठी सरळ झाली आणि सावली सरसर पळाली. रेघ सोडून, राखीच्या पायावरून, शहाऐंशीवर जाऊन थांबली. राखीला वाटलं, कालपर्यंत पटांगणापर्यंत आलेली याडी उठली, कोयता घेतला आणि परत उसाच्या फडात जाऊन उभी राहिली.

मग राखीनं वाट पाहिली. आधीही पाहत होती, पण आता खरी पाहिली, मापानं. सावली मोजायचं काम तिनं प्रेमकडून मागून घेतलं. पोटावर पडून, एक डोळा मिटून ती टोक पाहायची. सत्याहत्तर. सत्तर. फेब्रुवारीत सूर्यानं चाल धरली, रोज सेंटीमीटरच्या आसपास. एकसष्ट. अठ्ठावन्न. दगड पिंपळाखाली पडून होता. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही, म्हणजे रोज एकदाच पाहिलं.

होळीच्या आदल्या दिवशी ट्रक आले. प्रेमचे आईबाप उतरले, आणखी आठ घरचे उतरले. वर्षा आणि सुनीलची टोळी आली नाही. त्यांच्या मुकादमाचे दोन फड तोडायचे राहिले होते, कारखाना चालू होता, आणि वर्षाचा फोन बंद लागत होता.

तांड्यावर होळी पहाटे पेटते. पेटली. लेंगीच्या गाण्यांवर बाया नाचल्या. राखी पिवळा फ्रॉक घालून एका बाजूला उभी राहिली आणि दुपार व्हायची वाट पाहत राहिली. दुपारी सावली रेघेवर आली. बावन्न. कडं जमिनीला टेकलेलं. माप खरं होतं. सूर्य बिचारा सांगितल्या दिवशी हजर झाला होता. सोबतचं माणूसच मागे राहिलं होतं.

प्रेम नवा शर्ट घालून आला होता, रंगानं लाल-हिरवा. "तुही याडी खोटी बोलली ना," तो म्हणाला. बोलून झाल्यावर त्याला स्वतःलाच कसंतरी झालं, पण शब्द काही काठी नव्हते, परत उपटता येईनात.

"आज होळी हाय अजून," राखी म्हणाली. "सावली रेघेवर हाय."

"उद्या आत जाईन."



दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सगळा तांडा रंगात. राखी दुपारी एकटी पटांगणात आली. सावली रेघेच्या आत बोटभर सरकली होती. जाडसर रेघ, आणि तिच्या अलीकडे ते टोक. ती त्या बोटभर जागेकडे पाहत बसली. एवढ्याशा जागेत याडी खोटी ठरत होती.

मग तिनं काठीला मिठी मारली, डुलवली आणि वर ओढली. थोडीशीच. तांबडं कडं जमिनीपासून बोटभर वर आलं. सावली पुढे सरकली आणि रेघेवर टेकली.

जानेवारीत तिला सूर्याला घाई करायची होती. आता तिला तो थांबायला हवा होता.

रोज थोडी. तिसऱ्या दिवशी कडं तीन बोटं वर होतं. राखीनं भोवती माती सारून छोटा ढीग केला.

मॅडम वही घेऊन आल्या. त्यांनी ढीग पाहिला, ढिगातून डोकावणारं कडं पाहिलं, राखीकडे पाहिलं. राखीनं पोटावर पडून टोक पाहिलं.

"किती?"

"बावन्न." राखीचा आवाज जमिनीतून आला.

मॅडमनी पेन उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. कळंबच्या खोलीवर आईचा फोन आला, की त्या स्वतः दर वेळी म्हणत, या रविवारी नक्की येते.

"वारूळ झालं वाटते काठीभोवती," त्या म्हणाल्या. आणि वहीत लिहिलं, बावन्न.

चौथ्या दिवशी बावन्न. पाचव्या दिवशी बावन्न. सातव्या दिवशी काठी खिळखिळी झाली आणि वाऱ्यानं डुलायला लागली, तिची सावलीही रेघेवर डुलायला लागली. तेव्हा प्रेम आला. पिंपळाखालचा तो गोल दगड त्यानं उचलून आणला आणि काठीच्या बुडाशी पाचर म्हणून बसवला. जाताना पायानं माती दाबून गेला.

नवव्या दिवशी, खिचडी चुलीवर असताना, फाटकापुढे धूळ उडाली. राखी उभी राहिली नाही, ती माप घेत होती. धुळीतून टेम्पो निघाला, टेम्पोतून गोधड्या, ड्रम, दोन कोयते, सुनील आणि वर्षा. कोंबडी नव्हती.

वर्षाची कातडी काळवंडली होती, हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे होते. सांगलीपासून इथवर ती एकच वाक्य घोकत आली होती, की माय, माही चूक झाली. ते तिच्या तोंडात आलंही होतं. पण राखीनं तिचा हात धरला आणि गळ्यात न पडता तिला ओढत ओढत काठीपाशी नेलं.

"पाह्य."

"काय पाहू वं?"

"सावली. रेघेवर हाय ना? अजून होळीच हाय." राखी धापा टाकत होती. "मी सांगतलं होतं सगळ्याइले. तू टाइमावर आली."

वर्षानं काठी पाहिली, मातीचा ढीग पाहिला, रेघ पाहिली. तिला यातलं काहीच कळलं नाही. ती खाली बसली, आणि मग तिला सगळंच कळलं. सुखीबाईनं त्या दिवशी खिचडीत मीठ दोनदा टाकलं आणि कोणी तक्रार केली नाही.

पुढच्या आठवड्यात देवराव साहेब आले. त्यांनी आलेखावर बोट फिरवलं. बोट उतरत उतरत आलं आणि एका जागी आडवंच चालू लागलं.

"इथं सूर्य थांबला होता?"

"हो, सर. नऊ दिवस," मॅडम म्हणाल्या.

साहेबांनी विचार केला. सूर्य त्यांच्या केंद्रात येत नव्हता, त्यामुळे त्याला खुलासा मागता येत नव्हता. त्यांनी शेरेबुकात लिहिलं, 'उपक्रमास सूर्याचे सहकार्य लाभले.'

मॅडमनी काठी पुन्हा कड्यापर्यंत खाली बसवली. आता माप खरं होतं आणि सावली रेघेच्या बरीच आत गेली होती, आणि कोणाला त्याचं काही नव्हतं. वर्षा रोज दुपारी सुखीबाईला भांडी घासू लागायला शाळेत यायची. राखी तिच्याकडे खिडकीतून पाहायची. माना खिडकीकडे वळायच्या त्या वळतच राहिल्या, फक्त आता त्या लवकर परत यायच्या.

एप्रिलच्या शेवटी मॅडमनी सांगितलं, "बावीस-तेवीस मेच्या सुमाराला दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येईल. त्या दिवशी काठीला सावलीच राहणार नाही. शून्य."

"आन् मंग?" राखीनं विचारलं.

"मग दोन महिने थोडी उलट्या बाजूला पडेल. जुलैत परत शून्य. आणि त्यानंतर पुन्हा या बाजूनं वाढत जाणार. ऑगस्ट, सप्टेंबर..."

"दिवाळीलोक."

"हो. दिवाळीपर्यंत. त्याच्याही पुढे."

राखी खिडकीतून पाहत होती. वर्षा पातेलं पालथं घालून त्याच्यावर बसली होती, हातावरच्या ओरखड्यांच्या खपल्या काढत.

"मॅडम," राखी म्हणाली, "शून्य झाली का त्याच दिवशी आपन काठीच काढून ठेवू. सुट्टी असली तरी मी येतो, मी काढतो."

"कायले गं?"

"म्हंजे वाढनारच नाही."

मॅडमनी खडू खाली ठेवला. पटांगणात काठी उभी होती, आणि तिच्या बुडाशी सावली आता अर्धी वीतच उरली होती.